शेवटच्या सामन्याचा न्याय

कोणत्याही गोष्टीचा निवाडा तिच्या शेवटावरून करण्याची चाल आपल्याकडे फार जुनी आहे. शेवट गोड तर सारेच गोड, असे आपण म्हणतो; आणि शेवट कडू झाला, की पंगतीत आधी वाढलेले गोडधोड कोणाला आठवत नाही. 1761 सालच्या एका पराभवावरून ‘पानिपत’ हा शब्द आपल्या भाषेत संपूर्ण नाशाचा वाचक होऊन बसला. त्यानंतर दहाच वर्षांनी, 1771 साली, मराठ्यांनी दिल्ली पुन्हा हाती घेतली. पण त्या गोष्टीचा वाक्प्रचार झाला नाही. ही चाल न्याय्य आहे काय, हा प्रश्न आमच्यापुढे उभा राहिला तो इतिहासाच्या ग्रंथामुळे नव्हे, हॉकीच्या एका सामन्यामुळे.

6 ऑगस्ट 2021 ची संध्याकाळ होती. साथीमुळे पांगलेली आमची चेरीतालातील बैठक तेव्हा कुठे पुन्हा जमू लागली होती. टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये आदल्या दिवशी आपल्या पुरुषसंघाने जर्मनीस 5-4 असे हरवून कांस्यपदक मिळविले होते, आणि त्या दिवशी सकाळी आपला महिलासंघ त्याच पदकासाठी ग्रेट ब्रिटनशी खेळून 4-3 असा हरला होता. लेखापरीक्षण खात्यात आयुष्य घालविलेले आमचे एक स्नेही म्हणाले, “पुरुष जिंकले, बायका हरल्या, विषय संपला. ताळेबंद वाचायचा तो शिल्लक पाहून.” तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी आतून विचारले, “भाऊजी, चार दिवसांपूर्वी ह्याच मुलींनी ऑस्ट्रेलियाला हरविले तेव्हा खव्याची जिलबी तुम्हीच आणली होती. ती कोणती शिल्लक पाहून?” स्नेही हसले, आम्हीही हसलो. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर तो प्रश्न आम्हांस सोडीना.

दोन्ही संघांची हकीकत एकापुढे एक ठेवून पाहावी. पुरुषसंघ दुसऱ्याच सामन्यात ऑस्ट्रेलियाकडून 7-1 असा हरला. इतका मोठा पराभव पचवून त्याने स्पेन, अर्जेंटिना आणि जपान यांस हरविले, उपांत्यपूर्व सामन्यात ग्रेट ब्रिटनला नमविले, उपांत्य सामन्यात बेल्जियमपुढे हार घेतली, आणि शेवटी जर्मनीविरुद्ध 3-1 असा पिछाडीवर असताना सामना फिरविला. महिलासंघाची सुरुवात तर त्याहून वाईट. नेदरलँड्स, जर्मनी आणि ग्रेट ब्रिटन यांच्याकडून ओळीने तीन पराभव. पाच वर्षांपूर्वी रिओ येथे हाच संघ बारा संघांत बारावा आला होता. तेव्हा ह्याही वेळी काय होणार हे आम्ही गृहीत धरून चाललो होतो. पण त्यांनी आयर्लंडला 1-0 असे हरविले, दक्षिण आफ्रिकेला 4-3 असे हरविले, आणि उपांत्यपूर्व सामन्यात गुरजीत कौरच्या एकमेव गोलावर ऑस्ट्रेलियास घरी पाठविले. उपांत्य सामन्यात अर्जेंटिनाकडून त्या एका गोलाने हरल्या. शेवटच्या सामन्यात 2-0 अशा पिछाडीवरून मध्यंतरापर्यंत 3-2 अशी आघाडी घेतली, आणि मग पुन्हा एका गोलाने हरल्या.

एका संघाचे पारडे एका गोलाने वर गेले, दुसऱ्याचे एका गोलाने खाली आले. पुरुषांच्या सामन्यात शेवटची काही सेकंद उरली असता जर्मनीला पेनल्टी कॉर्नर मिळाला होता. श्रीजेशने तो फटका अडविला म्हणून एक्केचाळीस वर्षांनी पदक घरी आले. तो चेंडू वीतभर बाजूने गेला असता, तर आमच्या स्नेह्यांच्या ताळेबंदात दोन्ही संघांची शिल्लक कदाचित सारखीच राहिली असती.

तरीही शेवटास जे विशेष महत्त्व दिले जाते, ते अगदीच निराधार आहे असे आम्हांस म्हणवत नाही. स्पर्धेच्या आरंभी अंगात जोम असतो, प्रतिस्पर्ध्यास आपले डावपेच ठाऊक नसतात, आणि एखादी चूक पुढे भरून काढता येते. अखेरीस यांतले काहीच उरत नाही. पाय जड झालेले असतात, प्रत्येक संघाने दुसऱ्याचा खेळ पाहून ठेवलेला असतो, आणि चुकीला क्षमा नसते. अशा वेळी हाताकडून जे घडते ते ऐनवेळच्या विचाराने घडत नाही. वर्षानुवर्षांच्या सवयीने घडते. गीतेच्या आठव्या अध्यायात सांगितले आहे, की अंतकाळी मनुष्य ज्या भावाचे स्मरण करतो त्याच भावास तो जातो. हा श्लोक पुष्कळांस ठाऊक असतो. पण त्याच्या लगेच पुढचा श्लोक त्यापासून निष्कर्ष काढतो तो असा, की म्हणून सर्व काळी स्मरण ठेव आणि युद्ध कर. म्हणजे शेवट महत्त्वाचा, कारण त्यात आधीचे सर्व दिवस एकत्र येतात. शेवटाचा मान हा त्या दिवसांमुळे आहे. त्यांना वगळून नाही.

आपली स्मृती मात्र हा दुसरा श्लोक विसरते. डॅनियल काहनेमन ह्या मानसशास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्यांसह 1993 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. माणसांना एकदा साठ सेकंद चौदा अंशांच्या थंड पाण्यात हात धरून ठेवावयास सांगितले. दुसऱ्या वेळी तेच साठ सेकंद, आणि वर आणखी तीस सेकंद, ज्यांत पाणी हळूहळू एक अंशाने कोमट केले. यांतला कोणता अनुभव पुन्हा घ्याल, असे विचारल्यावर बहुतेकांनी दुसरा निवडला. यातना अधिक वेळ सोसूनही तो त्यांस बरा वाटला, कारण त्याचा शेवट किंचित सौम्य होता. माणसाच्या मनाची घडणच अशी आहे. पण मनाची घडण अशी आहे एवढ्याने तिचा निकाल न्याय्य ठरत नाही. उलट, आपला काटा कोणत्या बाजूस झुकतो हे ज्यास कळले, त्याने तोलताना अधिक सावध राहावयास हवे.

हा काटा किती निर्दय होऊ शकतो याचे उदाहरण 1982 सालच्या दिल्लीच्या आशियाई स्पर्धांत घडले. विजयामागून विजय मिळवीत आपला संघ अंतिम सामन्यास आला आणि 1 डिसेंबर रोजी पाकिस्तानकडून 7-1 असा हरला. गोलरक्षक होते मीर रंजन नेगी. आघाडीफळी निष्प्रभ ठरली होती, बचावफळी फुटली होती. पण सात गोलांचा भार एका माणसाच्या शिरावर घालण्यात आला, आणि त्याने सामना विकला असे लोक उघड बोलू लागले. आरोप कोणी सिद्ध केला नाही. करण्याची गरजही कोणास वाटली नाही. 1998 साली बँकॉकमध्ये भारताने आशियाई सुवर्णपदक बत्तीस वर्षांनी पुन्हा जिंकले, तेव्हा त्या संघाच्या गोलरक्षकांस शिकविण्याचे काम नेगी यांनी केले होते. मध्ये सोळा वर्षे गेली होती.

त्या बँकॉकच्या संघाचा कर्णधार आपल्या पुण्याजवळच्या खडकीचा, धनराज पिल्ले. तो चार ऑलिंपिक खेळला आणि त्यांपैकी एकातही त्यास पदक लाभले नाही. 2000 साली सिडनी येथे पोलंडविरुद्धचा सामना जिंकला असता, तर भारत उपांत्य फेरीत जाणार होता. एका गोलाची आघाडी होती. शेवटच्या दोन मिनिटांत पोलंडने बरोबरी साधली आणि सारे संपले. त्या दोन मिनिटांवरून धनराजच्या खेळाची किंमत करावी काय? ज्याने त्यास चेंडू घेऊन धावताना एकदाही पाहिले आहे, तो असे म्हणणार नाही. आमच्या जुन्या मध्यप्रांतातील बिलासपूर येथे जन्मलेले लेस्ली क्लॉडियस यांनी 1948, 1952 आणि 1956 अशी तीन सुवर्णपदके मिळविली. 1960 साली रोममध्ये ते कर्णधार असताना भारत पाकिस्तानकडून 1-0 असा हरला आणि 1928 पासूनची ऑलिंपिक विजयांची परंपरा खंडित झाली. शेवटच्या सामन्याचाच न्याय लावायचा, तर क्लॉडियस म्हणजे ‘सुवर्णपदक घालविणारा कर्णधार’ एवढेच उरतात.

शिवाय शेवट कोणता, हे तरी कोण ठरवितो? टोकियोत चौथ्या आलेल्या त्या मुलींचा गौरव करून आम्ही थांबलो असतो, तर कथा सुखान्त झाली असती. पण जानेवारी 2024 मध्ये रांची येथे त्या जपानकडून 1-0 अशा हरल्या आणि पॅरिसच्या ऑलिंपिकला मुकल्या. मग टोकियोतील ऑस्ट्रेलियावरचा विजय खोटा ठरला काय? हंगामाची अखेर ही कार्यक्रमपत्रिका छापणाऱ्यांनी ओढलेली रेघ आहे. ती एक महिना अलीकडे ओढली तर संघ थोर, पलीकडे ओढली तर नालायक, अशा न्यायास न्याय म्हणता येणार नाही.

तेव्हा आम्हांस असे वाटते, की शेवटास दोन प्रश्न विचारता येतात आणि आपण त्यांची गल्लत करतो. एक, शेवटी काय मिळाले. दुसरा, शेवटी कसे वागले. पहिल्याच्या उत्तरात पंचाची शिट्टी, वारा आणि वीतभर सरकलेला चेंडू यांचा वाटा असतो. दुसऱ्याचे उत्तर पुष्कळ अंशी त्या माणसांचे स्वतःचे असते. तीन पराभवांनंतर चौथ्या सामन्यास उतरलेल्या संघाने चेंडूमागे धावणे सोडले की नाही, हे पाहावे. 7-1 नंतरच्या सकाळी तो सरावास कसा गेला, हे पाहावे. ह्या दृष्टीने टोकियोतील दोन्ही संघ आमच्या लेखी समान ठरतात, आणि पदक ही त्यांतील एकास मिळालेली आनंदाची, पण वेगळी गोष्ट ठरते.

ह्याच कसोटीवर चाहत्यांनीही स्वतःस घासून पाहावे. वंदना कटारिया हिने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तीन गोल केले. ऑलिंपिक सामन्यात असे तीन गोल करणारी ती पहिली भारतीय स्त्री. अर्जेंटिनाविरुद्धचा सामना हरल्यावर हरिद्वारजवळच्या तिच्या घरासमोर काही जणांनी फटाके उडवून जातिवाचक शिवीगाळ केल्याची तक्रार पोलिसांत नोंदविण्यात आली. हरल्यानंतर कसे वागावे, ही परीक्षा फक्त खेळाडूंची नसते.

इथवर दुसऱ्यांस उपदेश करणे सोपे होते. पण त्या रात्री आम्हांस झोप लागली नाही ती हॉकीमुळे नव्हे. पुष्कळ वर्षांपूर्वी, दूरच्या एका गावी नेमणुकीवर असताना, आमच्या हाताखाली एक कर्मचारी होता. त्याने एप्रिलपासून फेब्रुवारीपर्यंत मागची तीन वर्षे तुंबलेले काम एकट्याने निपटून काढले. मार्चमध्ये त्याच्या हातून एका विवरणपत्रात आकडा चुकला आणि वरिष्ठांपुढे आमची फजिती झाली. वार्षिक गोपनीय अहवाल लिहावयाचे दिवस नेमके तेच. आम्ही त्यास ‘सामान्य’ असा शेरा दिला. त्या काळी प्रतिकूल शेरे तेवढे संबंधितास कळविले जात. ‘सामान्य’ हा प्रतिकूल समजला जात नसे, म्हणून तो त्यास कळला नाही, पण त्याची बढती त्या एका शब्दापायी मागे पडली. शेरा कोणताही असो, तो ज्याचा त्यास कळविलाच पाहिजे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 2008 साली दिला. तोवर तो गृहस्थ निवृत्त झाला होता. आम्ही अकरा महिने पाहिले नाहीत, एक पाहिला. तोही त्याच्या चुकीमुळे पाहिला की आमच्या फजितीमुळे, याचे उत्तर आम्ही अजून स्वतःस धडपणे दिलेले नाही.

आम्ही राहतो त्या चेरीतालाची कथा इकडे अशी सांगतात, की शेजारचा रानीताल राणी दुर्गावतीचा आणि हा तिच्या दासीचा. चेरी म्हणजे दासी. तलाव आता दिसत नाही. त्याजागी घरे आहेत. राणी स्वतः 1564 साली येथून जवळच नर्राई येथे आसफखानाच्या मोगल सैन्याशी लढताना पडली. ती तिची शेवटची लढाई आणि ती हरलेली लढाई. तरी येथील विश्वविद्यालयास नाव तिचे आहे, आसफखानाचे नाही. लोकांची स्मृती शेवटच पाहते हे खरे, पण कधी कधी शेवटाचा दुसरा प्रश्नही विचारते.

परमुलखात नेमणुकीवर असलेल्या आमच्या वाचकांपैकी पुष्कळांस मार्च उजाडला की असे अहवाल लिहावे लागतात. त्यांस आमचे एवढेच सांगणे आहे, की एप्रिलमध्येच एक साधी वही घालावी, आणि ज्याचे जे चांगले दिसेल ते त्या त्या दिवशी तीत टिपून ठेवावे. त्या प्रसंगानंतर आम्ही निवृत्त होईपर्यंत अशी वही ठेवीत होतो. ज्याच्यासाठी ती आधी घालावयास हवी होती, त्याचे नाव मात्र तीत नाही.