न दिसण्याचा अधिकार

पांढुर्णा आणि सौंसर या दोन तहसिली मिळून 2023 साली आमचा वेगळा जिल्हा झाला. आमचे पर्यटन मात्र पूर्वीप्रमाणे नागपूरच्या दिशेनेच सुरू होते. आम्ही काही सेवानिवृत्त मंडळींनी येत्या हिवाळ्यात मोटारीने एक फेरी योजली आहे. आधी नागपूरची महाराजबाग व गोरेवाडा, मग जबलपूरच्या रस्त्याने खवासा व पेंचचे तुरिया प्रवेशद्वार, तेथून सिवनी-छिंदवाडामार्गे सौंसर. आणि पुढे चार दिवस विसावा घेऊन भोपाळचे वनविहार. शासकीय सेवेत दौऱ्याचा कार्यक्रम लिहिताना 'प्रयोजन' हा रकाना भरावा लागे. त्या सवयीने याही कागदावर तो आखला गेला, आणि तेथेच गाडे अडले. एका स्नेह्यांनी 'व्याघ्रदर्शन' असे लिहिले. दुसऱ्यांनी विचारले, वाघ दिसलाच नाही तर दौरा निष्फळ समजायचा काय?

प्रश्न थट्टेत निघाला, पण तो थट्टेचा नाही. आपल्या भाषेत दर्शन घेतले जाते, तसेच ते दिलेही जाते. एखादे थोर गृहस्थ भेटीस उभे राहत नाहीत तेव्हा 'दर्शन देत नाहीत' असे आपण म्हणतो, आणि तो त्यांचा अधिकार मानतो. जनावराच्या बाबतीत हा अधिकार आपण मान्य करतो का? पैसे मोजून, पहाटे उठून, थंडीत कुडकुडत गेलेल्या मनुष्यास वाघाचे न दिसणे हे वाघाचे वर्तन न वाटता व्यवस्थेची कसूर वाटते. तक्रारवहीत काय लिहिले जाते ते पाहावे.

प्राणिसंग्रहालयाची गोष्ट याहून उघड आहे. तेथे दर्शन घेतले जाते, दिले जात नाही. केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण 1992 मध्ये स्थापन झाले, त्यानंतर देशातील पिंजऱ्यांना काही शिस्त आली. बंदिस्त जनावरालाही आडोसा हवा, प्रेक्षकांच्या नजरेपासून दूर जाता येईल अशी जागा हवी, हे आता जाणकारांत सर्वमान्य आहे. म्हणजे चांगला पिंजरा तो, जो पाहणाऱ्याला पुष्कळदा रिकामा वाटेल! आणि गजांपाशी उभा असलेला बाप मुलाला म्हणतो, "चल, इथे काही नाही." ते 'काही नाही' हीच त्या जनावराची उरलीसुरली स्वतंत्रता असते.

तथापि पिंजरा वाईट आणि रान चांगले, इतक्या सोप्या हिशेबाने भागत नाही. भोपाळच्या मोठ्या तलावाकाठी 445 हेक्टरांवर पसरलेल्या वनविहारात प्रदर्शनासाठी म्हणून रानातून जनावर पकडून आणीत नाहीत. तेथे अनाथ, जखमी, सर्कशीतून सोडविलेली जनावरे आश्रयास असतात. त्यांना मोकळे सोडावे असे म्हणणे सोपे आहे. यवतमाळ जिल्ह्यातील पांढरकवडा परिसरात 13 माणसांच्या मृत्यूचा ठपका असलेली अवनी वाघीण 2 नोव्हेंबर 2018 रोजी गोळीने मारली गेली. तिची मादी बछडी डिसेंबरात पकडून महाराष्ट्राच्या पेंचमध्ये कुंपणात वाढविली गेली. तिला रानाची सवय राहावी यासाठी माणसांपासून दूर ठेवले होते. मार्च 2021 मध्ये तिला मोकळे सोडण्यात आले, आणि काही दिवसांतच तेथल्या जुन्या वाघिणीशी झालेल्या झुंजीतील जखमांनी ती मेली. ज्यांनी तिला सोडले त्यांना दोष देण्याचे धाडस आम्हास होत नाही. जन्मभर कुंपणात ठेवणे हाही निर्णयच होता, आणि तोही माणसांनीच घ्यायचा होता.

आणखी एक आक्षेप आम्हीच आमच्यापुढे ठेवला. न दिसण्याचा आदर करावा हे म्हणणे खिशात पैसे असलेल्यांना शोभते. जिप्सीचे, प्रवेशाचे, मुक्कामाचे मिळून जे लागतात, ते संत्र्याच्या तोडीवर जाणाऱ्या मजुरास परवडणारे नाहीत. त्याचे लेकरू वाघ पाहील तर महाराजबागेतच. आणि तोच मजूर रात्री शेतात ओलित करताना बिबट्याच्या वाटेत येतो. त्याला दर्शन बिनतिकिटाचे आणि नको असताना. म्हणून प्राणिसंग्रहालये बंद करा असे म्हणणाऱ्यांशी आमचे जमत नाही. त्यांची भिंत उंच असावी, आडोसा दाट असावा, आणि तिकीट स्वस्त असावे, एवढेच आमचे मागणे आहे.

उलट खऱ्या रानाचाच पिंजरा होऊ लागला की मन खिन्न होते. 31 डिसेंबर 2024 रोजी उमरेड-पवनी-करांडला अभयारण्यात एक वाघीण आणि तिचे पाच बछडे यांची वाट पर्यटकांच्या वाहनांनी दोन्हीकडून अडविली. चित्रफीत सर्वत्र पसरली आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. चालक व गाईड यांच्यावर कारवाई झाली. ती योग्यच. परंतु चालक गाडी पुढे दामटतो ती मागच्या बाकावरून होणाऱ्या आग्रहामुळे, आणि वाघ दिसल्यावर हातावर पडणाऱ्या नोटेमुळे. त्या नोटेचा उल्लेख कोणत्याही कारवाईच्या कागदात येत नाही. ती आपल्या पाकिटातून निघालेली असते.

या चर्चेत दोन सायंकाळी गेल्या. एका स्नेह्यांचे म्हणणे अजूनही असे, की या वयात गुडघे आणि डोळे दोन्ही मुदतीवर चालले आहेत, तेव्हा गोरेवाड्याच्या सफारीत खात्रीचा वाघ पाहून घ्यावा, पेंचमध्ये नशीब. त्यांना आम्ही विरोध केला नाही. 'प्रयोजन' या रकान्यात तूर्त 'पेंचचे रान पाहणे' असे लिहिले आहे. सागाची पाने, गव्यांचे कळप, नदीपात्रातले खडक हे सर्व त्यात मोडते. खर्चाच्या पानावर मात्र एक निर्णय पक्का झाला. गाईड आणि चालक यांची बक्षिसी आधीच ठरवून, फेरी सुरू होण्यापूर्वी, दारातच त्यांच्या हाती द्यायची. आणि वाघ दिसला तरी वर काही द्यायचे नाही. रक्कम किती, यावर अद्याप एकमत नाही.