पाठांतर झालं, पुढे?

मुलाला शाळेत घालायचं नाही, घरीच शिकवायचं आणि तेही लॅटिन, असं कुणी म्हटलं तर आपल्याकडचा पालक कोपरापासून हात जोडेल. अमेरिकेत मात्र ‘क्लासिकल’ गृहशिक्षणाचा हा प्रकार चांगलाच मूळ धरून आहे. १९९३ पर्यंत तिथल्या सगळ्या राज्यांत घरी शिकवणं कायदेशीर झालं होतं. १९९९ मध्ये जेसी वाइज आणि त्यांची मुलगी सुझन वाइज बाउअर यांचं ‘द वेल-ट्रेन्ड माइंड’ हे या पद्धतीचं जाडजूड पुस्तक आलं. जेसीबाई मूळच्या शिक्षिका. आपली मुलं त्यांनी १९७३ मध्येच शाळेतून काढून घरी आणली होती.

या पद्धतीत शिक्षणाच्या बारा वर्षांचे तीन भाग पडतात: व्याकरण, तर्क आणि वक्तृत्व. पहिल्या चार वर्षांत साठवण करायची, दुसऱ्या चारांत साठवलेलं तपासायचं, तिसऱ्या चारांत स्वतःचं म्हणणं मांडायला शिकायचं. इतिहास प्राचीन काळापासून आजपर्यंत चार वर्षांत एकदा, असा तीनदा फिरून येतो: आधी गोष्टी म्हणून, मग कारणं शोधत, शेवटी मूळ ग्रंथ हाती घेऊन. मला यातली सर्वांत आवडलेली गोष्ट अगदी साधी आहे. सहा-सात वर्षांच्या मुलाला एक पान वाचून दाखवायचं, पुस्तक मिटायचं आणि म्हणायचं, आता तू सांग. मूल अडखळत दोन-चार वाक्यं सांगतं. आई ती वहीत उतरवून घेते आणि मूल त्यातलं एखादं वाक्य खाली वळणदार अक्षरात लिहितं. ऐकणं, निवडणं, क्रम लावणं आणि बोलणं, चारही कामं दहा मिनिटांत होतात. गाळलेल्या जागा भरत वर चढलेल्या आपल्या मुलांवर, पुस्तक मिटून काही सांगायची वेळ दहावीपर्यंत फारशी येत नाही.

या आराखड्याचं मूळ एका व्याख्यानात आहे. रहस्यकथा लिहिणाऱ्या आणि दान्तेचा अनुवाद करणाऱ्या डोरोथी सेयर्स यांनी १९४७ मध्ये ऑक्सफर्डला ते दिलं. व्याकरण, तर्क, वक्तृत्व ही मध्ययुगातली तीन शास्त्रं त्यांनी मुलांच्या वयाशी जोडली. लहान मूल पोपटासारखं बोलतं, बारा-तेराव्या वर्षी उलट उत्तरं देऊ लागतं, मग स्वतःत रमतं. ज्या वयाला जे रुचतं तेच तेव्हा शिकवा. आपलं बालमानसशास्त्र आपल्याच बालपणावर बेतलेलं आहे, हे त्यांनी हसतहसत कबूलही करून टाकलं होतं. ते बालपण होतं पाद्र्याच्या घरातलं. सातवं वर्ष पुरं व्हायच्या आत वडिलांनी मुलीचं लॅटिन सुरू केलं. मुलगी निवासी शाळेत गेली ती पंधराव्या वर्षी. एका बाईच्या आठवणीवर एवढी मोठी चळवळ उभी राहिली, हे शिक्षणशास्त्राच्या प्राध्यापकांना खटकेल. पोरं वयाचे टप्पे इतके काटेकोर पाळत नाहीत, हे तर कुणीही आजी सांगेल. तरी आधी माल भरा, मग तो पारखा, हा क्रम मला पटतो.

आपल्याकडे माल भरण्याची परंपरा तर दांडगी. पावकी-निमकी, दिडकी-अडीचकी, ‘रामः रामौ रामाः’, अमरकोश. कोश पद्यात आणि व्याकरण सूत्रांत, म्हणजे तोंडपाठ व्हावीत म्हणूनच. अडचण पुढच्या टप्प्याची आहे. घरी शिकवणारे बरेच अमेरिकी पालक मुलांचा धर्म टिकावा म्हणून शाळा सोडतात आणि त्याच मुलांना तर्कशास्त्र शिकवतात. त्या तर्काने उद्या घरच्याच श्रद्धा तपासल्या तर? हा प्रश्न त्यांच्या पुस्तकांपेक्षा आपल्याकडच्या एका घरात जास्त स्पष्ट दिसतो.

अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवलं. त्याबद्दल धर्मपंडितांपुढे त्यांना जाब द्यावा लागला आणि शास्त्राधार काढून त्यांनी तो दिलाही. १८५८ मध्ये धाकटी मुलगी झाली, ती रमा. तिच्या शिक्षणाच्या वेळेपर्यंत शास्त्रीबुवा थकले होते. म्हणून आठव्या वर्षापासून पंधराव्यापर्यंत तिला आईने शिकवलं, तीर्थयात्रेच्या भटकंतीत, दिवसाची कामं सुरू होण्याआधी, पहाटे. पुस्तक नाही, आईने म्हणायचं, मुलीने मागून म्हणायचं. व्याकरण, कोश, पुराणं पाठ. इंग्रजी वर्ज्य, परधर्मीयांशी संपर्क वर्ज्य, आणि मुलगी म्हणून वेदही वर्ज्य. अमेरिकेतल्या अतिकर्मठ कुटुंबालाही जमणार नाही इतकं बंदिस्त घर.

या शिक्षणाची पहिली परीक्षा दुष्काळाने घेतली. पैसा संपला, आणि पुराणं सांगण्यापलीकडे घरात कुणालाच कामधंदा येत नव्हता. १८७४ च्या सुमारास आधी वडील गेले, मग आई, मग थोरली बहीण. हजारो श्लोक पाठ असलेली मुलगी आणि तिचा भाऊ उपाशीपोटी पायी फिरत राहिले.

१८७८ मध्ये दोघं कलकत्त्याला पोहोचली. तिथल्या पंडितांनी तिची विद्वत्ता पारखून ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. इथवर पहिला टप्पा. मग पडद्यातल्या बायकांना धर्म सांगायचं काम आलं आणि त्यासाठी तिने धर्मशास्त्रं वाचायला घेतली. तिच्या ध्यानात आलं, की शास्त्रकारांचं एकमेकांशी कशातच जमत नाही. एकमत आहे ते फक्त बायका आणि शूद्र यांना कमी लेखण्यात. ब्राह्मो समाजाच्या केशवचंद्र सेनांनी वेदाची प्रत हाती दिली, तेव्हा तीही वाचली. हा तर्काचा टप्पा, आणि तो शिकवायला कुणी गुरू लागला नाही. १८८७ मध्ये ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ आलं तेव्हा रमाबाई ख्रिस्ती झाल्या होत्या आणि हिंदू विधवांची कैफियत अमेरिकेपुढे मांडत होत्या. शास्त्रीबुवांनी दिलेल्या हत्याराने मुलगी शास्त्रीबुवांच्या धर्माबाहेर पडली. मला यात शिक्षण फसल्याचं दिसत नाही. मूल पोपट राहावं असं वाटत असेल, त्याने दुसऱ्या टप्प्याच्या वाटेला जाऊ नये, इतकंच.

आपल्या कायद्याचंही थोडं सांगायला हवं. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात गृहशिक्षणाला स्पष्ट परवानगी नाही आणि स्पष्ट बंदीही नाही; घरी शिकणारी मुलं बहुधा राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची दहावी देतात. त्याहून अवघड गोष्ट आहे आईच्या वेळाची. अमेरिकेतही हा डोलारा मुख्यतः आयांच्या बिनपगारी दिवसांवर उभा आहे, आणि लक्ष्मीबाईंची पहाट तरी कुणी मोजली?

स्वतः शाळा काढायची वेळ आली तेव्हा रमाबाईंनी काय केलं, ते पाहण्यासारखं आहे. केडगावच्या मुक्तिसदनात लिहिण्या-वाचण्याबरोबर विणकाम आलं, तेलाचा घाणा आला, छापखाना आला. दुष्काळातून आणलेल्या मुलींच्या हाताला काम हवं, हे त्यांना कुणी पटवून द्यायला नको होतं. पण व्याकरण काही त्यांनी सोडलं नाही. उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून त्या मुळावरून बायबल मराठीत आणत बसल्या. १९२२ मध्ये त्या गेल्या आणि दोन वर्षांनी ते पूर्ण बायबल प्रसिद्ध झालं.