डोंगरावरचा सौदा

निगडीच्या भक्ती-शक्ती चौकात शिवाजी महाराज आणि तुकोबा यांच्या भेटीचं शिल्प आहे. महाराजांनी पाठवलेला नजराणा तुकोबांनी परत केला, असं परंपरा सांगते. या चौकातून रविवारी उपासनेला जाणाऱ्या ख्रिस्ती माणसाला ही कथा परकी वाटू नये.

मत्तयाच्या शुभवर्तमानात सैतान येशूला उंच डोंगरावर नेतो, जगातली सगळी राज्यं दाखवतो आणि अट घालतो : माझ्या पाया पड. येशू नाही म्हणतो. दरवर्षी उपवासकाळात आपण हे ऐकतो आणि तो मोह आपला नव्हेच, असं धरून चालतो. पण त्या देण्यात वाईट काय होतं? रोमच्या टाचेखालच्या लोकांना न्यायी राजा मिळाला असता, क्रूसही टळला असता. सत्तेचा मोह चांगल्या कामाचं नाव घेऊनच येतो, म्हणून तो ओळखू येत नाही. पाच हजारांना जेवू घातल्यावर लोक येशूला बळजबरीने राजा करायला निघाले, तेव्हाही तो एकटाच डोंगरावर निघून गेला.

1954 साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, मागोमाग कारखाने आले आणि पोटासाठी गाव सोडलेली ख्रिस्ती कुटुंबंही इथे रुजली. समाज लहान, त्यामुळे एक हळहळ कायमची : महापालिकेच्या 128 नगरसेवकांत आपला एक तरी हवा होता! हळहळ खोटी नाही. दफनभूमीला जागा लागते, रस्ता लागतो. पण मग निवडणूक जवळ आली की नाताळच्या व्यासपीठावर उमेदवाराला शाल मिळते, पाळक त्याच्यासाठी प्रार्थना करतात आणि मंडळीची मतं कुणीतरी परस्पर कबूल करून टाकतो. जे नागरिक म्हणून हक्काने मागायचं, ते मेहेरबानी म्हणून पदरात पडतं. पुढे त्याच पुढाऱ्याने कुणावर अन्याय केला, तर बोलायला तोंड उरत नाही.

सोडून देण्याचं उदाहरण आपल्याच घरात आहे. कवी नारायण वामन टिळक 1895 साली ख्रिस्ती झाले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. अमेरिकन मराठी मिशनमध्ये त्यांना मान होता, पगार होता. 1917 साली त्यांनी दोन्हींवर पाणी सोडलं आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही तिथे जागा होती. दोनच वर्षांनी ते वारले, दरबार फारसा टिकला नाही. हिशेबी माणूस याला अपयश म्हणेल. म्हणो बापडा.

याचा अर्थ ख्रिस्ती माणसाने राजकारणापासून पळावं असा नाही. त्याने मत द्यावं, निवडणूक लढवावी, जिंकावीही. मात्र ते स्वतःच्या नावावर. मंडळी गहाण टाकून नव्हे.

आणि बाहेरच्या पुढाऱ्यांना बोल लावण्याआधी मंडळीचा कारभार चालवणारी आपली पास्टोरेट कमिटी पाहावी. तिथल्या खुर्चीसाठी गट पडतात, वर्षानुवर्षं बोलणं तुटतं, मालमत्तेचे वाद कोर्टात जातात. उजवी-डावी जागा मागणाऱ्या जब्दीच्या मुलांना येशूने सेवकाचं काम दाखवलं होतं. सलग दोन मुदती झालेल्याने तिसऱ्यांदा उभं राहू नये, जमाखर्च दरवर्षी सगळ्यांसमोर वाचावा, पक्षाचं पद घेणाऱ्याने कमिटी सोडावी. एवढं ठरवायला कुठल्याही नगरसेवकाची गरज नाही.