कोयत्याचा ठेका

परवा पाथर्डीच्या रस्त्याला ऊसतोड मजुरांचा ट्रॅक्टर पुढं चालला होता. ट्रॉलीत भांडीकुंडी, बाचकी, एक शेळी, आईच्या मांडीवर लेकरू. आणि एका पोराच्या मोबाइलवर मराठी रॅप. पोटापाण्याची ओढाताण सांगणारं गाणं. शब्दागणिक पोराचे ओठ हलत होते.

हे रॅप ज्याचा भाग आहे ते हिप-हॉप 1973 साली न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स वस्तीत जन्मलं. 1982 मध्ये 'द मेसेज' या गाण्यानं तिथल्या गरिबीचं जगणं जगापुढं मांडलं. आपल्या मातीला असं जगणं गाण्यातून मांडणं परकं नाही. जात्याच्या घरघरीवर आमच्या आया-आज्यांनी कष्टच तर गायले! अकोले तालुक्यातल्या धामणगावच्या दया पवारांनी 1978 साली 'बलुतं' हे आत्मकथन लिहिलं, तेही असंच, आडपडदा न ठेवता.

पाथर्डीच्याच जिल्ह्यात, प्रवरानगरला, 1950 मध्ये सहकारी साखर कारखाना उभा राहिला. त्याचा मला अभिमान आहे. पण ऊस तोडणाऱ्या नवरा-बायकोला हिशेबात आजही 'एक कोयता' म्हणतात. माणसं दोन, नाव हत्याराचं. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल अंगमेहनतीनं फेडायची. पहाटेच्या थंडीत उसाचा फड गाठायचा, पाचट अंगाला कापतं. मग डोक्यावर मोळी घेऊन अरुंद फळीवरून ट्रकवर चढायचं. त्या चढण्यालाही ठेका असतो. तो चुकला की पाय घसरतो.

ते पोर आता कुठल्याशा फडावर असेल. त्यानं स्वतःचं गाणं रचावं, आणि त्यात आईचं नाव घ्यावं, कोयत्याचं नव्हे. ते ऐकायला मी कान लावून बसलोय.