जवळचा चोर, दूरचा चोर

जून 2017 च्या अखेरीस न्हावा-शेवा बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं. टर्मिनल चालवणारी कंपनी मर्स्क या डॅनिश समूहातली होती, आणि व्हायरस सुटला होता युक्रेनमध्ये, करभरणीच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. कोणता कंटेनर कुठे ठेवलाय आणि तो कोणत्या ट्रेलरवर चढवायचा हे सांगणारी यंत्रणाच बसली, तेव्हा माल तुंबायला वेळ लागला नाही. जगभरात मर्स्कला सुमारे 4,000 सर्व्हर आणि 45,000 संगणक नव्याने उभे करावे लागले.

नॉटपेट्या हे त्या व्हायरसचं नाव. एका संगणकावरून दुसऱ्यावर जायला त्याने विंडोजमधली एक फट वापरली. पण ती फट बुजवलेल्या यंत्रांवरही तो पोचला, आणि ते कसं, हे आपल्या कामाचं आहे. लॉगिन केलेल्या माणसाला प्रत्येक फोल्डरपाशी, प्रत्येक प्रिंटरपाशी पुन्हा पासवर्ड विचारावा लागू नये म्हणून विंडोज त्याची ओळख मेमरीत धरून ठेवते. व्हायरसने ती तिथूनच उचलली आणि त्या माणसाच्या नावाने तो पुढच्या यंत्रांत शिरला. तिथे काही फोडावं लागलं नाही. कुणाचा तरी त्रास वाचावा म्हणून ते हाताशीच ठेवलेलं होतं.

त्याच वर्षी आपल्या फोनांनीही ही सवय लावून घेतली. ऑगस्टमध्ये आलेल्या अँड्रॉइड 8 ने आणि सप्टेंबरमधल्या आयओएस 11 ने पासवर्ड आपोआप भरण्याची, म्हणजे ऑटोफिलची, सोय ब्राउझरमधून अ‍ॅप्सपर्यंत नेली. आता ऐरोलीला कामाला जाणारा माणूस नेरुळहून ठाण्याच्या लोकलमध्ये चढतो, एका हाताने कडी धरतो आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने पीएफ, म्युच्युअल फंड, मुलाच्या शाळेचं पोर्टल, सगळं उघडतो. प्रत्येक ठिकाणी फोन विचारतो, पासवर्ड सेव्ह करायचा का? रबाळे गेलेलं असतं, उतरायची घाई असते, अंगठा 'हो'वर पडतो.

सुरक्षिततेवरची व्याख्यानं सांगतात की हा निर्णय विचारपूर्वक घ्या. तो घ्यायच्या क्षणी विचाराला सवड कुणाला असते? आणि सवड असती तरी समोर ठेवलेला प्रश्नच मला चुकीचा वाटतो. एका पारड्यात सोय, दुसऱ्यात सुरक्षा, एक वाढली की दुसरी घटणार, असं आपण धरून चालतो. पण सुरक्षा कोणापासून, हे ठरल्याशिवाय ती वाढली की घटली ते सांगताच येत नाही. चोर दोन प्रकारचे. एक दूरचा, ज्याने तुमचा फोन कधी हातात घेतलेला नाही आणि घेणारही नाही. तो झारखंडात बसलेला असेल किंवा कोपरखैरण्यात, त्याने फरक पडत नाही. दुसरा जवळचा, ज्याच्या हाती तुमचा फोन येऊ शकतो. ऑटोफिल पहिल्यासमोर तुम्हाला बळकट करतं आणि दुसऱ्यासमोर दुबळं.

दूरच्याचं आधी पाहू. 'तुमची वीज आज रात्री तोडली जाईल' हा महावितरणच्या नावाने येणारा मेसेज, वाहतुकीच्या दंडाचं खोटं चलान, 'केवायसी अपडेट करा'ची लिंक, या सगळ्यांची भिस्त एकाच गोष्टीवर असते: माणूस पान ओळखतो ते रंगावरून, लोगोवरून, एकंदर तोंडवळ्यावरून. तो तोंडवळा तर कुणालाही हुबेहूब उतरवता येतो. फोन मात्र तोंडवळा पाहत नाही. तो वेबसाइटचा पत्ता वाचतो, आणि पासवर्ड ज्या पत्त्याशी बांधून ठेवलाय तोच असेल तरच पुढे करतो. नवी मुंबईकराला हे पटकन कळावं. सेक्टर 15 वाशीत आहे, सीबीडी बेलापूरला आहे आणि खारघरलाही आहे. नुसतं 'सेक्टर 15' ऐकून निघालेला रिक्षावाला भलत्याच नोडमध्ये, म्हणजे भलत्याच उपनगरात, जाऊन उभा राहील. खोट्या साइटच्या पत्त्यात बँकेचं नाव सुरुवातीला दिमाखात झळकतं, नोड मात्र शेवटी लपलेला असतो, आणि घाईत आपण शेवटपर्यंत वाचत नाही. फोन दर वेळी वाचतो.

म्हणजे ज्याला आपण निव्वळ सोय समजत होतो, ते फसवणुकीविरुद्धचं सर्वसामान्य माणसाच्या हातातलं सगळ्यात चांगलं हत्यार निघालं. नेहमीच्या पानावर फोनने पासवर्ड पुढे केला नाही, तर तो गप्प राहणं हाच इशारा असतो. दुर्दैव असं की आपण त्या गप्प राहण्याला बिघाड समजतो आणि पासवर्ड हाताने टाइप करून टाकतो.

या बाबतीत 2025 साली एक विचित्र योग जुळून आला. रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना 31 ऑक्टोबरपर्यंत 'बँक.इन' या राखीव पत्त्यावर यायला सांगितलं. उद्देश उत्तम, तो पत्ता बँकांखेरीज कुणाला मिळतच नाही. पण फोनांनी पासवर्ड बांधून ठेवले होते जुन्या पत्त्यांशी. पत्ता बदलला की फोन खऱ्याखुऱ्या बँकेच्या पानावरही गप्प राहणार आणि माणूस हाताने टाइप करणार, म्हणजे नेमकी तीच कृती जी त्याने करू नये असं आपण सांगत आलोय. देशातल्या सर्वांत मोठ्या बँकेचं आयटी केंद्र आपल्या बेलापूरलाच आहे. तिथल्या मंडळींनी 'फोनमध्ये नवा पत्ता एकदा सेव्ह करून घ्या' एवढी ओळ आपल्या बँकेच्या सूचनेत घातली असती तर बरं झालं असतं.

बँकांची आणखी एक जुनी खोड आहे. कित्येक बँकांच्या आणि सरकारी पोर्टलांच्या पानांवर पासवर्ड पेस्ट करता येत नाही. काही ठिकाणी पडद्यावरच अक्षरं उलटसुलट मांडलेला कीबोर्ड येतो आणि एकेक अक्षर शोधून दाबावं लागतं. हे उपाय सायबर कॅफेच्या काळातले, जेव्हा भीती कळा टिपून घेणाऱ्या सॉफ्टवेअरची होती. आज त्यांचा परिणाम असा की फोनला भरू दिलं जात नाही, म्हणून माणूस लक्षात राहील असा पासवर्ड ठेवतो, म्हणजे कुलदैवताचं नाव, अ‍ॅटचं चिन्ह आणि जन्मसाल. तोच चार ठिकाणी. त्यातलं सगळ्यात कच्चं ठिकाण फुटलं की उरलेली तिन्ही उघडी. अमेरिकेच्या मानक संस्थेने 2003 साली अवघड चिन्हांचे आणि वरचेवर पासवर्ड बदलण्याचे नियम घातले होते. 2017 मध्ये तिनेच ते मागे घेतले, पेस्ट करू द्या असं सांगितलं, आणि मूळ नियम लिहिणाऱ्या बिल बर यांनी त्यांबद्दल जाहीरपणे खेद व्यक्त केला. आपल्याकडे 'एक कॅपिटल, एक आकडा, एक चिन्ह' अजून सुखाने नांदतं आहे.

ऑटोफिलचा पत्ता कधीच चुकत नाही, असंही नाही. डिसेंबर 2023 मध्ये हैदराबादच्या ट्रिपल आयटीमधल्या संशोधकांनी लंडनच्या ब्लॅक हॅट परिषदेत दाखवून दिलं की अँड्रॉइडवर एखादं अ‍ॅप आपल्या पोटातच दुसऱ्या साइटचं लॉगिन पान उघडतं, तेव्हा पासवर्ड त्या पानाऐवजी बाहेरच्या अ‍ॅपच्या हाती पडू शकतो, आणि अनेक नामांकित पासवर्ड मॅनेजर या गफलतीत सापडले. 'ऑटोस्पिल' असं त्यांनी तिला नाव दिलं. अशा चुका सापडतात आणि दुरुस्त होतात. त्यापायी ऑटोफिल बंद करावं असं मला वाटत नाही.

मला जास्त काळजी जवळच्या चोराची वाटते. मुंबई परिसरातल्या लोकलप्रवाशांना फटका गँग माहीत आहे. गाडी मंदावली की रुळालगत उभा असलेला पोरगा दारातल्या माणसाच्या हातावर काठी मारतो आणि फोन खाली पडतो. तो फोन वापरात असतानाचा, म्हणजे उघडा असतो. पूर्वी अशा चोराला फोनची किंमत मिळायची. आज त्यात मालकाची सगळी खाती असतात. अमेरिकेत बारमध्ये शेजारी बसून पासकोड पाहून घ्यायचा आणि मग आयफोन लांबवायचा, असे प्रकार 2023 मध्ये उजेडात आले. जानेवारी 2024 मध्ये अ‍ॅपलने त्यावर उपाय काढला: सेव्ह केलेले पासवर्ड पाहायला चेहरा किंवा बोटच हवं, नुसता पासकोड चालणार नाही. गूगलनेही त्याच वर्षी, फोन हातातून हिसकावून कुणी पळालं तर ते हालचालीवरून ओळखून पडदा लॉक करणारी सोय आणली.

अ‍ॅपलच्या उपायातली एक मेख मात्र पाहण्यासारखी आहे. तुम्ही मुद्दाम 'नेहमी' हा पर्याय निवडला नाहीत, तर घर आणि ऑफिस अशा ओळखीच्या जागी ही जादा तपासणी सैल होते. घरी कसला चोर, असा त्यामागचा हिशेब. आता आपलं घर आठवा. फोनचा पिन आठ वर्षांच्या मुलाला ठाऊक असतो, कारण त्याला गेम खेळायचा असतो. सासूबाईंना व्हिडिओ कॉल लावून द्यायला सूनबाई त्यांचा फोन उघडतात. आपल्याकडे फोनला कुलूप लावणं हेच घरात संशयाचं कारण होतं, 'काय लपवतोयस?' हा प्रश्न ठरलेला. ज्या बाईला नवऱ्यापासून स्वतःचा पगार किंवा स्वतःचे निरोप जपायचे आहेत, तिच्यासाठी घरासारखी ओळखीची आणि घराइतकी धोक्याची जागा दुसरी नाही. कॅलिफोर्नियात बसून आखलेल्या 'ओळखीच्या जागे'त तिचा विचार झालेला नाही.

त्यात दोन कुलपांचं एक झालंय, ते वेगळंच. रिझर्व्ह बँकेने 2009 पासून ऑनलाइन कार्डव्यवहारांना दुसरा पुरावा सक्तीचा केला आणि ओटीपी आपल्या अंगवळणी पडला. कल्पना अशी की पासवर्ड डोक्यात आणि ओटीपी फोनमध्ये. चोराला दोन्ही मिळणार नाहीत. आता पासवर्डही फोनमध्ये आहे, ओटीपीही तिथेच येतो, आणि तोही फोनच चौकटीत भरून देतो. पडदा लॉक असला तरी ओटीपीचा मेसेज अनेक फोनांवर वरच दिसतो. सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घातलं तर तिकडे येतो, कारण सिमला पिन लावणारा माणूस शोधून सापडायचा नाही. कायद्याने दोन पुरावे, प्रत्यक्षात एकच: पडद्याच्या लॉकचे चार आकडे.

चांगला तोल कसा साधतात, याचं उदाहरणही रिझर्व्ह बँकेनेच घालून दिलंय. 1 ऑक्टोबर 2022 पासून दुकानदारांना आणि शॉपिंग अ‍ॅप्सना ग्राहकाच्या कार्डाचा नंबर साठवून ठेवता येत नाही. त्याऐवजी टोकन असतं, त्या कार्डाचं आणि त्याच दुकानापुरतं. सोय गेली नाही. कार्ड दर वेळी टाइप करावं लागत नाही. पण टोकन चोरलं तर ते दुसरीकडे चालत नाही. पासवर्डच्या जागी आता येऊ लागलेल्या पासकीचं तत्त्व याच जातीचं आहे: साइटकडे गुपित राहतच नाही, आणि खोट्या पत्त्यावर ती चालत नाही. दूरच्या चोराचा धंदा याने बसेल. जवळच्याचा नाही, कारण पासकीही उघडते त्याच लॉकने.

नुकसान झालंच तर ते कोणाचं, याचं उत्तर 2017 च्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकात आहे. ग्राहकाच्या निष्काळजीपणाने पैसे गेले, तर बँकेला कळवेपर्यंतचं सगळं नुकसान ग्राहकाचं. निष्काळजीपणा सिद्ध करायची जबाबदारी मात्र बँकेवर टाकलेली आहे, आणि हे फार कमी ग्राहकांना ठाऊक असतं. मुलाला पिन सांगणं हा निष्काळजीपणा का? फोनने स्वतःहून विचारलेल्या प्रश्नाला 'हो' म्हणणं? सोय आखणारे वेगळे आणि भुर्दंड भरणारे वेगळे, तोवर सोय नेहमी जास्तच आखली जाणार.

तरी पिन कुणालाच सांगू नका, असा सरसकट सल्ला द्यायला जीभ रेटत नाही. वाशी-नेरुळच्या इमारतींमधून अशी कितीतरी जोडपी आहेत ज्यांची मुलं परदेशी आहेत आणि घरचे सगळे व्यवहार दोघांपैकी एकाच्याच फोनवर चालतात. तो एक जण अचानक गेला, तर जवळचं माणूस चोर नसतं, वारस असतं. अ‍ॅपलने डिसेंबर 2021 मध्ये आपल्या पश्चात खातं कोणाला उघडता यावं हे नेमून ठेवायची सोय दिली. त्यातून फोटो आणि निरोप मिळतात. सेव्ह केलेले पासवर्ड आणि पासकी मिळत नाहीत. घरातल्यांशी निवडक पासवर्ड वाटून घ्यायची सोय अ‍ॅपल आणि गूगल दोघांकडे आता आहे, पण ती जिवंतपणी आठवणीने करून ठेवावी लागते. वीजबिलाला महावितरणचा ग्राहक क्रमांक पुरतो, ते अडणार नाही. बँकेचं तर मृताच्या पासवर्डने खातं चालवणं नियमात बसतच नाही, मग तो फोनने कितीही तत्परतेने भरून दिला तरी. तिथे नॉमिनीच लागतो, आणि 1 नोव्हेंबर 2025 पासून एका खात्याला चार नॉमिनी नोंदवता येतात. बऱ्याच बँकांत हे काम नेटबँकिंगमधूनच होतं.