क्षमा आणि भरपाई

आपले नुकसान दुसऱ्याकडून भरून मागावे की मुकाट्याने सोसावे, हा प्रश्न न्यायालयाच्या पायरीपूर्वी माणसाच्या विवेकबुद्धीपुढे उभा राहतो. जमिनीच्या तंट्यात तो सहसा कोणी विचारत नाही; तेथे हक्काची भाषा आधीच ठरलेली असते. परंतु व्यवहार लहान असला, समोरचा माणूस ओळखीचा असला आणि आपण नित्य मिस्साबलिदानाला जाणारे असलो, की मन कचरते. भरपाई मागणे ख्रिस्ती माणसाला शोभते काय, असे भाविक आम्हां धर्मगुरूंना विचारतात. त्या प्रश्नाचा येथे थोडा विचार करावयाचा आहे.

नीतिशास्त्राच्या वर्गात आम्हांला कल्पित प्रसंग सोडवावयास देत असत. तसाच एक प्रसंग घेऊ. सांगलीतील एक गृहस्थ स्वतःचा छोटा टेम्पो चालवून संसार करतो. तासगावचा बेदाणा साताऱ्याला पोचवावा, येताना भाजीपाला आणावा, असा त्याचा क्रम. त्याने टेम्पो सर्व्हिसिंगला टाकला. गॅरेजमध्ये इंजिनाचे ऑइल बदलले, परंतु ऑइल चेंबरचा नट नीट आवळला गेला नाही. कराडच्या पुढे महामार्गावर ऑइल गळून गेले आणि इंजिन जॅम झाले. टेम्पो टोचन करून परत आणावा लागला. मालक म्हणतो, गाडी इथून निघाली तेव्हा ठणठणीत होती; आणि बिलाच्या तळाशी छापलेल्या ओळीवर बोट ठेवतो : गाडी ताब्यात घेतल्यानंतर आमची जबाबदारी नाही. इंजिनाचा खर्च मोठा, कमाई बंद, मुलांची फी भरावयाची. पत्नी म्हणते, प्रभूने क्षमा शिकवली आहे, सोडून द्या. धाकटा भाऊ म्हणतो, केस टाका आणि खर्चाच्या पाचपट मागा. गृहस्थाने कोणाचे ऐकावे?

आमच्या मते दोघांच्याही म्हणण्यात अर्धेच सत्य आहे.

प्रथम पत्नीचे म्हणणे पाहू. क्षमा म्हणजे अपराध्याविषयीचा द्वेष मनातून काढून टाकणे, त्याचे वाईट चिंतणे सोडणे. ती आपण तत्काळ व विनाअट दिली पाहिजे. परंतु क्षमेने देणे फिटत नाही. बापाने चुकलेल्या मुलाला पोटाशी धरले, तरी मुलाने शेजाऱ्याची फोडलेली काच शेजाऱ्याला भरून द्यावीच लागते. जक्कयाच्या घरी प्रभू स्वतः पाहुणा म्हणून गेला. आणि त्या भेटीनंतर जक्कयाने लुबाडलेले चौपट परत करण्याचे वचन दिले. कृपा लाभली म्हणून हिशेब पुसला गेला नाही. उलट कृपेमुळे तो पुरा करण्याचे बळ आले.

शिवाय झालेले नुकसान त्या गृहस्थाच्या एकट्याचे आहे काय? आपल्या वाट्याची भाकर दुसऱ्याला द्यावयास माणूस मोकळा आहे. मुलांच्या ताटातली भाकर उचलून उदार होता येत नाही. आणि उद्या त्याच गॅरेजमधून ब्रेकचे काम करून निघालेली गाडी खंबाटकीच्या किंवा पसरणीच्या घाटात उतरणार आहे. आपल्या मौनाची किंमत कदाचित तिच्यात बसलेल्या अनोळखी माणसांना मोजावी लागेल.

ख्रिस्तसभेची परंपरा या बाबतीत स्पष्ट आहे. निर्गमाच्या ग्रंथात, शेजाऱ्याकडे सांभाळावयास दिलेले जनावर त्याच्याकडून चोरीस गेले तर त्याने भरपाई द्यावी, असा दंडक आहे. मात्र ते हिंस्र पशूने फाडले असेल तर पुरावा म्हणून अवशेष दाखवावेत, मग देणे नाही. म्हणजे हजारो वर्षांपूर्वीच विश्वास, हलगर्जीपणा आणि अटळ आपत्ती यांतला भेद ओळखला गेला होता. संत थॉमस अक्वायनस यांनी परतफेडीचा विचार न्याय या सद्गुणाखाली केला आहे, दयेखाली नव्हे. आणि १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथॉलिक धर्मशिक्षणग्रंथात सातव्या आज्ञेच्या विवरणात, खोटी बिले आणि करचुकवेगिरी यांच्याच पंक्तीला वाईट रीतीने केलेले काम बसविले आहे. चोरी केवळ खिशात हात घालून होते असे नाही; दाम घेऊन नट सैल ठेवला तरी ती होऊ शकते.

देशाचा कायदाही याच दिशेने बोलतो. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे कलम १५१ सांगते की, दुसऱ्याची वस्तू ताब्यात घेणाऱ्याने सर्वसाधारण शहाणा माणूस स्वतःच्या तशाच वस्तूची जेवढी काळजी घेईल तेवढी घ्यावी. शेजाऱ्यावर स्वतःसारखे प्रेम करण्याची आज्ञाच जणू येथे व्यवहाराच्या वेषात आली आहे. हे साम्य ओढूनताणून आणलेले नाही. स्कॉटलंडमधील एका स्त्रीने १९२८ साली आल्याचे पेय प्यायले. बाटलीत कुजलेली गोगलगाय होती, अशी तिची तक्रार. १९३२ साली ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायपीठापुढे निर्णय देताना लॉर्ड अॅटकिन यांनी, शेजारी कोणाला म्हणावे हा शास्त्र्याने प्रभूला विचारलेला प्रश्नच आधाराला घेतला आणि उत्तर दिले की, आपल्या निष्काळजीपणाची झळ ज्याला पोचेल हे आपल्याला आधीच दिसावयास हवे, तो कायद्याने आपला शेजारी. १९३९ साली हेच तत्त्व इंग्लंडमधील एका गॅरेजला लागू झाले. दुरुस्त करून दिलेल्या लॉरीच्या चाकाचे कडे निखळून पादचाऱ्याच्या पायावर आदळले. जबाबदार धरले गेले ते चाक बसविणाऱ्याला. त्याच्या कौशल्यावर विसंबलेल्या लॉरीमालकाला नव्हे.

तरीही सर्व दोष सारखे नसतात. जुनाच भाग बसवून नव्याचे पैसे घेतले असतील, तर ती उघड चोरी आहे. कोणी न मागताही ते परत केले पाहिजेत. काम तपासलेले नाही हे ठाऊक असून घाईने गाडी दिली असेल, तर त्या निष्काळजीपणाचे ओझेही सद्सद्विवेकावर राहते. परंतु पुरेशी दक्षता घेऊनही चूक झाली असेल, तर ते पाप नव्हे. अशा प्रसंगी नीतिशास्त्राचे आचार्य सांगत आले आहेत की, केवळ कायद्याच्या दृष्टीने ठरणाऱ्या दोषाची भरपाई न्यायाधीशाच्या रास्त निवाड्यानंतर विवेकालाही बंधनकारक होते. अर्थात मोबदला घेऊन पत्करलेल्या कामाचे कराराचे बंधन असतेच.

येथे एका व्यक्तीचा विसर पडू नये. नट आवळणारा बहुधा अठरा-वीस वर्षांचा पोरगा असतो. संध्याकाळपर्यंत सहा गाड्या सोडावयाच्या, असा त्याला हुकूम असतो. भरपाईचा विषय निघाला की मालक त्याच्या पगाराला कात्री लावतो. हे न्यायाचे विडंबन होय. नफा ज्याच्या गल्ल्यात जातो, जोखीमही त्यानेच उचलावी. गृहस्थाने मालकाला सांगावे, आम्ही पैसे तुमच्याकडे मागतो आहोत, मुलाकडे नव्हे.

मागावयाचे कसे, याची पद्धत प्रभूने संत मत्तयाच्या अठराव्या अध्यायात घालून दिली आहे. आधी एकट्याने जाऊन बोलावे; न ऐकल्यास एक-दोन साक्षीदार न्यावेत; मगच मंडळीपुढे जावे. आजच्या व्यवहारात ती अशी उतरते. प्रथम शांतपणे भेटावे. मग दुसऱ्या जाणत्या मेकॅनिकचे लेखी मत, बिल, जॉब कार्ड आणि खराब झालेले भाग जपून ठेवून लेखी नोटीस द्यावी. त्यानेही न भागल्यास जिल्हा ग्राहक आयोग आहे. पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली सुरू केलेल्या ग्राहक चळवळीसारख्या प्रयत्नांनी १९८६ च्या कायद्याची भूमी तयार केली. त्याच्या जागी आलेला २०१९ चा कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, वकील सक्तीचा नाही, मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. मात्र सर्वसाधारणपणे दोन वर्षांच्या आत जावे लागते. स्वतःच्या चरितार्थासाठी टेम्पो चालविणाराही या कायद्याने ग्राहक ठरतो. संत पौलाने करिंथकरांना परस्परांवर खटले भरण्याबद्दल खडसावले होते, हे खरे. गॅरेजवाला आपल्याच धर्मग्रामातील असेल तर त्याचे हे बोलणे ध्यानी घेऊन आधी वडीलधाऱ्यांकडून समेट साधावा. पण समेट म्हणजे दुबळ्याला गप्प बसविणे नव्हे.

आता धाकट्या भावाचे म्हणणे. पाचपट मागणे हा न्याय नव्हे. इंजिनाचा खर्च, टोचनचे पैसे, बुडालेली खरी कमाई आणि झालेल्या त्रासाची माफक भरपाई मागावी. आधीपासून झिजलेले भाग त्या बिलात घालू नयेत. आणि ऑइलचा लाल दिवा लागल्यानंतरही माल वेळेवर पोचावा म्हणून गाडी तशीच पुढे दामटली असेल, तर तेही कबूल करावे आणि आपला वाटा वजा करावा. खोट्या हिशेबाने मिळालेली भरपाई हे आपलेच नवे देणे होऊन बसते.

एवढे झाल्यावर, मालक खरोखर हलाखीत आहे असे दिसले आणि आपल्या घराला झेपत असेल, तर घेणे सोडून द्यावे. तो त्याग होय, आणि प्रभूला तो प्रिय आहे. परंतु आपले काय येणे आहे हे स्पष्ट सांगून मग सोडणे वेगळे, आणि भिडेपोटी किंवा भीतीपोटी गप्प बसून त्याला क्षमा म्हणणे वेगळे. पहिल्याने समोरचा माणूस सुधारू शकतो. दुसऱ्याने मात्र आपल्या मनात कडवटपणा साचतो आणि त्याच्या गॅरेजमधला नट सैलच राहतो.

आपल्यातील अनेक तरुण आय.टी.आय. करून गॅरेजमध्ये पाना हाती घेतात. त्यांना आम्ही एवढेच सांगू : वेदीपुढे अर्पण आणण्यापूर्वी आपल्या भावाचे आपल्याविरुद्ध काही आहे काय ते आठवावे, असे प्रभू सांगतो. शनिवारी संध्याकाळी दुकान बंद करताना त्या आठवड्यात सोडलेल्या गाड्या एकदा डोळ्यांपुढून जाऊ द्याव्यात. एखादीविषयी शंका वाटली, तर तिच्या मालकाला त्याच वेळी फोन करावा.