शेवटच्या हाताचे उत्तरदायित्व

वस्तू ज्याच्या हातात मोडते तोच तिचा अपराधी, असे मानण्याची रीत आपल्या घरांत पूर्वापार चालत आली आहे. लोणच्याच्या बरणीपासून भावकीतील अबोल्यापर्यंत सर्वत्र हाच निवाडा दिला जातो. तो सोपा आहे खरा; परंतु न्याय्य आहे काय, हे आम्हांला इंजिनात मोडून बसलेल्या बोल्टाच्या निमित्ताने तपासून पाहावेसे वाटते.

कडगंची-आळंद भागातील जुन्या कुटुंबांना डिझेल इंजिन अपरिचित नाही. पुण्यात १९४६ साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली आणि पुढील दशकांत दख्खनच्या विहिरींवर मोटेच्या कुरकुरीची जागा इंजिनाच्या ठोक्यांनी घेतली. कोणत्याही इंजिनाच्या सायलेन्सरचा जोड आवळून धरणारे बोल्ट रोज तापतात आणि रोज निवतात. ओलीने त्यांवर गंज चढतो. गंज मूळ लोखंडाहून अधिक जागा व्यापतो, त्यामुळे आट्यांतील उरलीसुरली फटही बुजते. त्यातच पूर्वी कोणीतरी पान्याला नळी चढवून बोल्ट नको तितका आवळलेला असतो. मग एके दिवशी मिस्त्री पाना लावतो, बोल्टाचे डोके हातात येते आणि उरलेला तुकडा बिडाच्या भागात रुतून राहतो. मालक म्हणतो, ‘‘मिस्त्री, तुम्ही मोडलात.’’

आता त्या तुटीचे तोंड पाहावे. पुष्कळदा तेथे दोन रंग दिसतात. एक भाग काळपट व गंजलेला, दुसरा चकचकीत. काळपट भाग जुन्या भेगेचा. चकचकीत तेवढा आजचा. शेवटच्या हाताचा वाटा किती, याची साक्ष लोखंडच देते. अर्थात सबंध तोंड चकचकीत निघाले, तर हाताच्या घाईचीही चौकशी करावी लागते. न्याय दोन्हीकडे पाहतो.

परंतु दोषाची वाटणी कितीही अचूक झाली, तरी तुकडा जागचा हलत नाही. तो काढणार कोण? आमच्या मते, ज्याच्या हाती तो आला त्यानेच. दोष आणि कर्तव्य या दोन भिन्न गोष्टी आहेत. श्रीगुरुचरित्राच्या एक्केचाळिसाव्या अध्यायात कडगंचीच्याच सायंदेवाला श्रीगुरू त्वष्टापुत्राची कथा सांगतात. गुरू, गुरुपत्नी आणि त्यांची मुले त्या शिष्याकडे एकाहून एक अवघड वस्तू मागतात. त्याच्या कोणत्याही अपराधाची ती शिक्षा नव्हती. काम त्याच्याकडे आले, म्हणून ते त्याचे झाले.

कर्तव्य मान्य केले की रीतीचा प्रश्न येतो. ज्या जोराने बोल्ट मोडला त्याच जोराने तो निघत नाही. जाणता कारागीर आधी तेल सोडतो आणि रात्रभर थांबतो. भोवतालचे बीड तापवून निवू देतो, म्हणजे गंजाची पकड सुटते. टोक वर उरले असेल तर त्यावर नट वेल्ड करतो. नसेल तर नेमका मध्य साधून बारीक ड्रिल घालतो. मग त्या छिद्रात उलट्या आट्यांचे एक कठीण हत्यार बसवून तुकडा फिरवतात. हे हत्यार बोल्टाहून कठीण असते आणि म्हणूनच ठिसूळही. जोर अधिक झाला तर तेच आत मोडते आणि मग साधे ड्रिलही त्यावर चालत नाही. दोष काढण्यास निघालेला कठोरपणा मूळ दोषाहून घट्ट रुतून बसतो, हे सुधारणेचा ध्यास घेतलेल्या प्रत्येकाने ध्यानी ठेवावे.

आणखी एक मोह असतो. तुकडा तसाच ठेवून वरून लेप लावावा, उरलेल्या बोल्टांवर भार टाकावा आणि इंजिन परत द्यावे. ते काही दिवस चालतेही. पण तो मोड पुढच्या हातासाठी राखून ठेवलेला असतो आणि त्या हाताला तो ठाऊकही नसतो. न निघणारा तुकडा सांगून ठेवणे प्रामाणिकपणाचे आहे. झाकणे मात्र फसवणूक होय.

आपल्या कुटुंबांना हे वेगळे समजावून सांगायला नको. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याची विभागणी झाली आणि एकाच घराण्याची माणसे दोन राज्यांत गेली. जमिनीचे जुने कागद एका लिपीत, नवे दुसऱ्या. विहिरीतील हिस्सा आजोबांच्या तोंडी शब्दावर. दोन पिढ्यांनी हे सारे गोडीने झाकून ठेवले. तिसऱ्या पिढीतील एखादा नातू हिशेब विचारतो, तणाव फुटतो आणि घर मोडल्याचा ठपका त्याच्यावर येतो. वडीलधाऱ्यांनी अशा वेळी तुटीचे तोंड पाहावे. त्यातील काळपट भाग बहुधा आपल्याच काळचा असतो. नातवानेही आपल्या निरपराधित्वावर समाधान मानू नये. तेल सोडावे, वाट पाहावी, मध्य साधावा. निघालेल्या बोल्टाच्या जागी नवा बसवताना त्याचे आटे स्वच्छ करावेत आणि तो हवा तितकाच आवळावा. कारण कधीतरी तोही कोणाला तरी सोडवावा लागणार आहे.